आई बसली की बंद पडणारी गाडी

आमची गाडी एकवीस वर्षांची होती, आणि बाबा एकटे चालवत असले की तिची कसलीही तक्रार नसायची. शेजारच्या सीटवर आई बसली की मात्र कधी चौकात, कधी पुलावर ती गचका देऊन बंद पडायची. मागे हॉर्नचा गदारोळ, पुढे चावी फिरवून घामाघूम झालेले बाबा. शेवटी धक्का मारायला म्हणून आई खाली उतरायची, आणि तेवढ्यात गाडी सुरू!

सुरुवातीला आम्ही पोट धरून हसलो. "तू उतरलीस की तिला हायसं वाटतं बघ," बाबा म्हणायचे. मग एकदा दवाखान्यात असलेल्या मावशीला भेटायला जाताना गाडी अडली आणि भेटीची वेळ टळून गेली. बाबा रागाच्या भरात बोलून गेले, "तू नसतीस तर पोहोचलो असतो वेळेवर."

 दुसऱ्या दिवसापासून आई बसने जायला लागली. गुडघे धरलेले, थांबा घरापासून पंधरा मिनिटांवर, तरी आठ महिने बसनेच. मी आग्रह केला की म्हणायची, "नको गं. माझा पायगुणच तसा."

बाबांनी तीन गॅरेजं पालथी घातली. एकाने बॅटरी बदलली, दुसऱ्याने पेट्रोलचा पंप. तिसरा एकटाच चक्कर मारून आला आणि म्हणाला, "काका, गाडी ठणठणीत आहे. तुमच्याच मनाचे खेळ." चौथ्या गॅरेजच्या मालकाने दोन दिवस डोकं खाजवलं आणि सरळ हात टेकले. "माझ्या ताईला दाखवा," तो म्हणाला. "मागच्या खोलीत असते."

त्या ताईंना गॅरेजमध्ये सगळे फोनवाल्या बाई म्हणत. पन्नाशीच्या, किरकोळ अंगाच्या, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सव्वीस वर्षं त्यांनी बिघडलेल्या लाइनींच्या तक्रारी घेतल्या आणि त्यांतले बिघाड शोधले. एक्स्चेंज बंद झालं तेव्हा भावाने ही खोली रिकामी करून दिली. मिस्त्री लोक आधी हसले. बाईंनी मनावर घेतलं नाही. मोडीत निघालेल्या गाड्यांच्या तारा सोडवत, कागदावर त्यांचे नकाशे काढत त्या वर्षभर शिकल्या. आता जिच्यापुढे मिस्त्रींची मती गुंग होई, ती गाडी गुपचूप मागे जाई.

त्या दिवशी मी बाबांबरोबर होते. बाईंनी बॉनेट उघडलंच नाही. स्टूल ओढून बसल्या आणि विचारायला लागल्या. गाडी गरम असताना बंद पडते की थंड असताना? सरळ रस्त्यावर की खड्ड्यात? दिवे लावलेले असतात का? बाबा उत्तरं देत होते, पण मुख्य गोष्ट काही सांगेनात. मलाच राहवलं नाही. "आई बसली की बंद पडते," मी म्हणाले.

मला वाटलं, आता हसणार. बाईंनी पेन्सिल काढून ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

"काकू कुठे आहेत?"

"घरी. ती गाडीत बसत नाही आता," बाबा म्हणाले.

"मग उद्या त्यांना घेऊन या."

आई ऐकेना. शेवटी मी बाईंना फोन लावून दिला. "अहो ताई, मी आले की ती बंदच पडणार," आई म्हणाली.

"म्हणूनच तर तुम्ही हव्यात, काकू. ती माझ्यासमोर बंद पडल्याशिवाय मला काही कळायचं नाही."

दुसऱ्या दिवशी आई बसने गॅरेजवर आली. बाईंनी दोन छोटे दिवे लांब तारांनी जोडले होते: एक पुढे फ्यूजपाशी, दुसरा मागे पंपापाशी. वीज येते आहे तोवर दोन्ही पेटलेले राहणार. दोन्ही दिवे हातात धरून त्या माझ्याशेजारी मागे बसल्या. आई पुढे बाबांशेजारी, पर्स छातीशी धरून, अंग चोरून. दुसऱ्याच गतिरोधकावर गाडीने गचका दिला. पुढचा दिवा तसाच, मागचा विझला, आणि इंजिन बंद.

"झालं," आई पुटपुटली. तिचे डोळे भरून आले होते.

"वा, काकू!" बाई एवढ्या आनंदाने ओरडल्या की बाबा दचकले. "वीज मध्येच कुठेतरी तुटते आहे. आता सापडलीच समजा!"

गॅरेजमध्ये परत आल्यावर त्यांनी त्या तारेला बॅटरीतून सरळ वीज दिली. "काकू, जरा उठा." मागचा दिवा लागला. "आता धपकन बसा." विझला. चार वेळा उठबस झाली आणि पाचव्या वेळी आई स्वतःच हसायला लागली. मग सीट निघाली, खालचं कार्पेट निघालं. पंपाकडे जाणारी तार सीटच्या पायाखाली चिमटली होती. सीट कव्हरं बदलताना कुणीतरी ती तशीच दाबून बसवली असणार. वरचं प्लॅस्टिक शाबूत, पण आत तांबं तुटलेलं, नुसतं टोकाला टोक टेकलेलं. शेजारी कुणी बसलं आणि हादरा बसला की ती टोकं सुटायची.

"म्हणजे दुसरं कुणीही बसलं असतं तरी?" आईने विचारलं.

"कुणीही. पण तुमच्याशिवाय त्या सीटवर बसतं कोण? लेक मागे बसते आणि मिस्त्री एकटेच चक्कर मारतात." मग त्या बाबांकडे वळल्या. "काका, राग नका मानू. तारेचा दोष आठ महिने काकूंच्या माथी मारलात तुम्ही."

बाबांनी ती तुटकी तार बोटांत धरून पाहिली. "चुकलंच माझं," ते आईला म्हणाले, आमच्या सगळ्यांच्या देखत. बाबांच्या तोंडून हे शब्द मी तोपर्यंत कधी ऐकले नव्हते. बाईंनी नवा तुकडा जोडला, तार बाजूने फिरवून नीट बांधली, आणि आई गाडीतून घरी आली. वाटेत दोनदा तिने बाबांना गाडी मुद्दाम खडबडीत रस्त्याने घ्यायला लावली.

आठवड्याने तिने बाईंना फोन केला. "गाडी छान चालली आहे. एवढंच सांगायचं होतं."

 पलीकडून बाई म्हणाल्या, "काकू, सव्वीस वर्षांत फोन बंद आहे म्हणून लाखभर लोकांनी कळवलं असेल. सुरू झाला हे कळवायला कुणी फोन केला नव्हता."

तिथून दोघींचं जमलं ते जमलंच. पुढच्या वर्षी बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर दिवसातून तीनदा थेंब घालायला आई त्यांच्याकडे जायची. "एवढं कशाला, काकू?" बाई संकोचायच्या.

"वर बघा आणि गप्प बसा," आई म्हणायची. खाली गाडीत बाबा पेपर वाचत थांबलेले असायचे.