दादांचं गोष्टवाचन

आमच्या वाचनालयात चैत्र सरता सरता महिनाभर रोज काही ना काही असायचं. सकाळी मुलांना गोष्टी, दुपारी बायकांचं एकत्र वाचन, संध्याकाळी मोठ्यांसाठी व्याख्यान. परीक्षा उरकलेल्या असायच्या, मुलं घरात मावत नसायची. सकाळी नऊ वाजता दिवाणखान्याएवढ्या त्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या की दहा मिनिटांत बसायला जागा उरत नसे. मुलांबरोबर आज्या येत, आज्यांबरोबर शेजारणी येत. सतरंज्या अंथरण्यापासून फळ्यावर कार्यक्रम लिहिण्यापर्यंत सगळं माझ्याकडे असे. सत्तरचं दशक संपत आलं होतं, आणि मला तिथे देवघेवीच्या टेबलावर लागून दीड वर्ष झालं होतं.

त्या वर्षी मुलांना गोष्टी वाचून दाखवायला माझ्या सासऱ्यांना बोलवायचं ठरलं. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. ते मूळचे देवळ्याचे. पस्तीस वर्षं शाळामास्तर होते, त्यातली शेवटची वीस नाशकात. अर्ध्या गावाला त्यांनी मराठी शिकवलं होतं, त्यामुळे रस्त्यानं जाताना लोक सायकलवरून उतरून नमस्कार करायचे. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती. घरात आम्ही तिघंच, दादा, हे आणि मी. हे ओझरच्या कारखान्यात होते, सकाळी सातच्या बसनं जायचे. आमच्या चिटणीसांनी विचारलं तेव्हा दादा लगेच हो म्हणाले. मला मात्र ते नको होतं, कारण तीन आठवड्यांपूर्वीच मला एक गोष्ट कळली होती आणि ती मी कुणालाच सांगितली नव्हती.

दादा दर शनिवारी एक पुस्तक घरी न्यायचे आणि पुढच्या शनिवारी परत आणायचे. परत देताना त्याबद्दल एखादं वाक्य बोलायचे. त्या महिन्यात एक प्रवासवर्णन नवं आलं होतं. त्याच्या बांधणीत घोळ होता. मधली सोळा पानं दोनदा आली होती आणि त्यापुढची सोळा मुळात नव्हतीच. ज्यांनी ज्यांनी ते नेलं त्यांनी दुसऱ्याच दिवशी येऊन तक्रार केली होती. दादांनी ते आठ दिवस ठेवलं, टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाले, "छान आहे. भाषा स्वच्छ आहे."

मी नोंद केली आणि पुस्तक मागे ठेवलं. पण मग एकेक गोष्ट डोळ्यांसमोर यायला लागली. वर्तमानपत्र घेऊन ते गॅलरीत जाऊन बसायचे, आणि बातमी काय म्हणून विचारलं की "रोजचंच" म्हणायचे. दूध ओतताना बोट भांड्याच्या काठावर ठेवायचे. घराजवळच्या द्वारका चौकात बस आली की पाटी न वाचता शेजारच्याला विचारायचे, "शालिमारची ना हो?" माणसाचं वय झालं की असं होतं, असं मी समजत होते. खरं तर त्यांना अक्षर दिसतच नव्हतं.

ह्यांना सांगावं की नाही, ते कळेना. सांगितलं असतं तर ह्यांनी सरळ दादांना विचारलं असतं, आणि दादा खोटं बोलले नसते, पण त्यानंतर घरात मान वर करून वावरलेही नसते. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका काढल्या, त्याला आता काना आणि मात्रा वेगळे दिसत नाहीत, हे त्याच्या तोंडून कसं वदवायचं?

मग मी एक युक्ती केली. वाचनाची गोष्ट चिटणीसांनी आधीच ठरवून दिली होती, एका हट्टी कोंबडीची, बारा पानांची. ते पुस्तक मी घरी आणलं. संध्याकाळी भाजी निवडताना स्वयंपाकघराच्या दारात बसून मी ती मोठ्यानं वाचायला लागले. दादा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर असायचे. मीच म्हणाले की दुपारी बायकांसमोर मलाही वाचावं लागणार आहे, म्हणून सराव करते. ते म्हणाले, "कर. पण वाक्य संपल्याशिवाय श्वास घेऊ नकोस." पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या चार चुका काढल्या. तिसऱ्या दिवशी मी वाचत असताना त्यांचे ओठ हलताना दिसले. पाचव्या दिवशी पुस्तक त्यांच्या हातात दिलं तर पानं कुठे उलटायची ते त्यांना ठाऊक होतं. आम्ही दोघांनी एकमेकांना काही सांगितलं नाही. मी भाजी निवडत राहिले.

तो दिवस उजाडला. हॉल भरला होता. पुढे मुलं, मागे बायका, भिंतीला टेकून तीन-चार पेन्शनर. दादांनी इस्त्रीचं धोतर आणि पांढरा कोट घातला होता. ते चौरंगावर बसले, चष्मा पुसला, तोच चिटणीस हसत हसत आले आणि त्यांच्या हातात दुसरंच पुस्तक ठेवलं. कालच पुण्याहून नवा गठ्ठा आला होता. कोंबडीची गोष्ट निम्म्या मुलांनी वाचलेली आहे, ही कोरी करकरीत आहे, तुमच्यासारख्या माणसाला काय तयारी लागते, असं ते म्हणाले. माणूस भला होता. त्याला काय माहीत?

मी दाराशी उभी होते. पुढे जाऊन पुस्तक काढून घ्यावं, काहीतरी निमित्त सांगावं, असं मनात येत होतं, पण एकही निमित्त सुचेना. दादांनी पुस्तक उघडलं. पान डोळ्यांजवळ नेलं, मग लांब नेलं. मुलं गप्प झाली. मग त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि वर्गात बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "मुलांनो, मला हे दिसत नाही. वर्ष झालं, मला अक्षर दिसत नाही."

चिटणीसांचा चेहरा उतरला. मी पुढे निघाले, तेवढ्यात बायकांमधून एक बाई उठल्या. मी त्यांना ओळखत होते. नगरपालिकेच्या दवाखान्यात त्या आया होत्या, जवळच्याच बौद्ध वस्तीत राहायच्या, नातीला घेऊन यायच्या. दोन वर्षांपूर्वी आमच्याच हॉलमध्ये रात्रशाळेऐवजी दुपारचा प्रौढांचा वर्ग भरायचा, तिथे त्या पन्नाशीत अक्षरं शिकल्या होत्या. त्या चौरंगापाशी आल्या आणि पदर सारखा करून म्हणाल्या, "गुरुजी, मी वाचते. पण लय हळू वाचते."

दादा म्हणाले, "मला घाई नाही, बाई."

त्या बसल्या. बोट अक्षराखाली ठेवून वाचायला लागल्या. कुंभाराच्या गाढवाची गोष्ट होती, चढ आला की थांबणाऱ्या. बाई एकेक अक्षर लावून एक वाक्य पुरं करायच्या, आणि दादा ते वाक्य उचलून मुलांना सांगायचे. चढ सांगताना आवाज चढवायचे, गाढव थांबलं की स्वतः थांबायचे. जोडाक्षरापाशी बाई अडल्या की मुलं कुजबुजायची, आणि दादा हात वर करून त्यांना गप्प करायचे. बाईंना ते अक्षर लागेपर्यंत ते थांबून राहायचे. पस्तीस वर्षांत कुणा विद्यार्थ्यासाठी ते इतके थांबले असतील असं मला वाटत नाही. पंधरा मिनिटांच्या गोष्टीला तासभर लागला, आणि एकही मूल उठून गेलं नाही. शेवटी गाढव चढ चढलं तेव्हा पेन्शनरांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर बाईंनी दादांना खिडकीपाशी उजेडात बोलावलं. दवाखान्यात रोज बघून बघून त्यांची नजर तयार झाली होती. त्यांनी दादांच्या डोळ्यांत नीट पाहिलं आणि सांगितलं की हा मोतीबिंदू आहे, पिकलाय, काढला की दिसतं. दर बुधवारी दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर येतात, मी नंबर लावून ठेवते, असंही त्या म्हणाल्या. दादा नको म्हणाले. बाईंनी दोनदा सांगितलं, ते दोन्ही वेळा नकोच म्हणाले.

घरी परत येताना आम्ही बस घेतली नाही. चालत निघालो. वाटेत त्यांनी कारण सांगितलं. त्यांच्या थोरल्या भावालाही तरुणपणीच मोतीबिंदू झाला होता. जत्रेत बसणाऱ्या एका भोंदू डोळेवाल्यानं सुई घालून तो काढतो म्हणून सांगितलं, आणि डोळा कायमचा गेला. भाऊ आठ दिवस ओरडत होते. तेव्हा दादा चौदा वर्षांचे होते, त्यांनीच भावाचे हात धरून ठेवले होते. "मी धरले होते हात," ते म्हणाले. मी म्हणाले की तो डॉक्टर नव्हता. ते म्हणाले, माहीत आहे. माहीत असून उपयोग होत नाही. पण मग थोडं पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "त्या बाई बुधवारी तिथे असतील का?"

त्या रात्री मी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "बसची पाटी ते मलाही विचारायचे." म्हणजे ह्यांनाही कळलं होतं. आम्ही तिघं एका घरात एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. मला हसू आलं. डोळ्यांचं काय होईल ते पुढे, निदान आता भाजी निवडताना कोंबडी वाचायला नको होती.

ऑपरेशन त्या उन्हाळ्यातच झालं. बाईंनी रजा न घेता आपली पाळी बदलून घेतली आणि त्या दिवशी ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत दादांचा हात धरून गेल्या. नंतर पाच दिवस दादांना उताणं, मान न हलवता पडून राहायचं होतं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. खोकला येऊ नये म्हणून मी लसूण, तिखट सगळं बंद केलं. बाई येता-जाता डोकावायच्या आणि कालचं वर्तमानपत्र त्यांना वाचून दाखवायच्या, तसंच, बोट खाली ठेवून. पट्टी सोडायच्या दिवशी हे कारखान्यातून अर्धी सुट्टी घेऊन आले. डॉक्टरांनी पट्टी काढली आणि किती बोटं म्हणून विचारलं. दादा म्हणाले, "तीन. आणि नखं वाढली आहेत."

डॉक्टर हसले. मी बाहेर व्हरांड्यात येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. बाई माझ्या मागोमाग आल्या, शेजारी उभ्या राहिल्या, आणि आम्ही दोघी समोरच्या कडुनिंबाकडे बघत राहिलो.

जाड काचांचा चष्मा मिळायला आणखी दीड महिना गेला. तोवर डोळ्यावर हिरव्या कापडाची झापड लावून घरात बसणं त्यांच्या जिवावर आलं होतं. चष्मा मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, मी देवघेवीच्या टेबलावर असताना, दादा एकटेच वाचनालयात आले. द्वारकेहून बसनं, कुणालाही न विचारता. आत आल्यावर ते सरळ माझ्याकडे आले नाहीत. भिंतीवरच्या सगळ्या पाट्यांसमोर एकेक करून उभे राहिले, अख्खी मान वळवून, कारण त्या चष्म्यातून सरळ समोरचंच नीट दिसायचं. मग माझ्यापुढे येऊन म्हणाले, "ती दाराजवळची पाटी कुणी लिहिली?"

ती मीच लिहिली होती. पुस्तकांच्या पानांवर खुणा करू नयेत, अशी.

"'करू'तला 'रू' दीर्घ असतो," ते म्हणाले. "तू ऱ्हस्व लिहिला आहेस. वर्षभर लोक तो वाचताहेत."

मी पाटी उतरवली आणि कोरा पुठ्ठा घेतला. ते बाकावर बसून राहिले. पाटी लिहून वाळत ठेवेपर्यंत साडेपाच झाले, मग आम्ही दोघं बरोबरच घरी निघालो.