पाच मिनिटांच्या घुगऱ्या

बोरी अरबजवळच्या लमाण तांड्यातील हंसाबाईला वैधव्य येऊन तीन वर्षे झाली होती. नवऱ्याचा, फुलसिंगचा, चेहरा आपल्याला आठवेनासा झाला आहे, हे तिने कोणालाच सांगितले नव्हते. त्याची एकच प्रतिमा उरली होती. तो जिनिंगमध्ये कामाला असताना तिथल्या मजुरांचा एक समूहफोटो दारव्ह्याच्या बाबाराव फोटोग्राफरांनी काढला होता आणि त्याची मूळ काच, म्हणजे निगेटिव्ह, त्यांच्या पेटीत होती. १९५८च्या पौषात एका कापडदुकानाच्या पाडव्याच्या कॅलेंडरसाठी ते तांड्यावर आले, तेव्हा त्या काचेतला फुलसिंगचा चेहरा मोठा करून द्यायच्या बोलीवर ती कॅमेऱ्यासमोर उभी राहायला तयार झाली. तिच्याआधी विचारलेल्या बायकांनी नकार दिला होता.

नकाराला कारण होते. बाबारावांच्या हाती विलायती मासिकातून कापलेले चित्र होते : झगा गुडघ्यापर्यंत उचललेली, पाय पाण्यात सोडून, मान वळवून हसणारी बाई. त्यांना तसेच हवे होते, अडाण नदीच्या काठी, सकाळच्या तिरप्या उन्हात. हंसाबाईची काचळी म्हणजे चोळी पाठीवर उघडी होती आणि पाण्यावरून धुके उठत होते. ती हसली की तोंडातून वाफ निघून चेहरा झाकोळे. श्वास रोखला की खांदे थरथरत. आणलेल्या तीन काचांपैकी दोन अशाच वाया गेल्या.

तिसरी चढवताना बाबाराव थबकले. त्यांनी पेटीतून चांदीच्या घुगऱ्या काढल्या, केसांत अडकवून दोन्ही गालांवर सोडायच्या.

“ह्या बांध बाई, मंग लमाणीण वाटशीन.”

घुगऱ्या नवरा हयात असलेल्या बाईनेच बांधायच्या, हे त्यांना ठाऊक नव्हते. हंसाबाईने सांगितले, तरी पाच मिनिटांचीच तं गोष्ट आहे, असे ते म्हणाले. कॅलेंडरावरून ती पाच मिनिटे तांड्याच्या नायकाच्या नजरेस पडली, तर हिने दुसरा घरोबा केला असाच अर्थ निघणार होता आणि सासूचे घर सुटणार होते. ऊन चढत होते. तिने घुगऱ्या बांधल्या. बोटे बधिर झाली होती. एक बाजू सैल राहिली.

तेवढ्यात काठावरचा दगड घसरला. पाण्याला आलेली सासू, मानीबाई, वर उभी होती. फुलसिंग गेला त्या दिवशी सुनेच्या घुगऱ्या तिनेच सोडल्या होत्या.

“कोणासाठी बांधल्या?”

नवऱ्याचे नाव घ्यायची रीत नव्हती आणि सासूला हंसाबाई याडी, म्हणजे आई, म्हणे. “तुया पोरासाठी, याडी. याच्यापाशी काचेत त्याचं तोंड आहे.”

मानीबाईने बाबारावांकडे पाहिले. त्यांनी होकाराची मान हलवली. तिने घागर खाली ठेवली आणि ती पाण्यात उतरली. हंसाबाईने डोळे मिटले. म्हातारी, गार बोटे कानशिलाशी आली. त्या बोटांनी सैल गाठ सोडली आणि पुन्हा आवळून बांधली.

“वाकडी होती,” मानीबाई म्हणाली. “आता हालू नको.”

तिसरी काच साधली. नंतर घुगऱ्या सोडल्या त्याही मानीबाईनेच.

कॅलेंडर गावात लागले तेव्हा नायकाने पंच बसवले. मानीबाई उभी राहून म्हणाली, “मी बांधल्या, मीच सोडल्या. इचाराचं ते मले इचारा.” पंच उठून गेले.

चैत्रात चेहरा आला, तळहाताएवढा, किंचित हललेला. हंसाबाईने तो आधी सासूच्या हाती दिला. मानीबाईने तो उजेडात धरला.

“कान माया बापाचे,” ती म्हणाली. “इसरलीच होती मी.”