शिवला की नाही

परभणीत मी सकाळी खेळ शिकायचो आणि संध्याकाळी कायदा, आणि दोन्हीकडे शिकवणाऱ्यांना आपण काय शिकवतोय याचा पत्ता नव्हता. एका वेळी असे दोन अभ्यासक्रम करणं नियमात बसतं का, हे मी आधी रीतसर कायद्याच्या कॉलेजात विचारलं होतं. कारकुनाने मला प्राध्यापकांकडे पाठवलं, प्राध्यापकांनी प्राचार्यांकडे आणि प्राचार्यांनी पुन्हा कारकुनाकडे. कायदा शिकवणाऱ्या त्या अख्ख्या इमारतीत एकालाही ते सांगता आलं नाही, तेव्हा मी दोन्हीकडे नाव घातलं आणि दोन्हीकडे बसू लागलो.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. विद्यापीठाच्या नावाचा वाद पेटायचा, विझायचा, पुन्हा पेटायचा. आपल्या पदवीवर ते नाव नको म्हणून चहाच्या टपरीवर गळा काढणारी पोरं मी रोज बघायचो. त्यातल्या निम्म्यांना पदवी मिळणार नव्हतीच. उरलेल्यांना पदवीत काय शिकवलं जातं याची कधी चौकशीही करावीशी वाटली नाही.

खेळाच्या कॉलेजातले सर व्यायामाचं शरीरक्रियाशास्त्र शिकवायचे, म्हणजे खुर्चीत बसून टिपणं सांगायचे. त्यांचं पोट त्यांच्या आधी वर्गात यायचं. फुप्फुसात किती हवा मावते ते मोजायचं एक यंत्र कॉलेजात होतं. काच फुटेल म्हणून ते कपाटात कुलूप लावून ठेवलेलं. पळताना दम का लागतो, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, इच्छाशक्ती कमी पडते म्हणून. मैदानावर ते लिंबाखाली बसत, गळ्यात शिट्टी, हातात कपबशी. आम्ही चुकलो की शिट्टी फुंकत आणि ती चहात बुडू नये म्हणून पुन्हा पाठीवर टाकत.

संध्याकाळचे साहेब वेगळ्या जातकुळीचे. दिवसभर कोर्टात वकिली करून ते काळ्या कोटातच वर्गावर येत आणि गाईडमधून वाचून दाखवत. मला ते पैलवान म्हणत. कायद्याचा अर्थ कसा लावावा हा त्यांचा आवडता विषय. शब्दाचा साधा, रूढ अर्थ घ्यायचा, फाटे फोडायचे नाहीत, हे एवढं एकच वाक्य ते गाईड न बघता म्हणू शकत, आणि म्हणून ते दर आठवड्याला म्हणत. सकाळचे सर मला वकील म्हणायचे. दोघंही हे एकमेकांची टर उडवावी तसं म्हणायचे, आणि टर उडायची ती माझी. गावी गेलो की पारावरची माणसं विचारायची, आता कोर्टात जोर-बैठका काढणार का. वडील काही विचारायचे नाहीत. ते नुसते बघायचे, आणि ते जास्त लागायचं.

मला खरंच दोन्ही आवडत होतं, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. जमिनीवर फक्कीची रेषा मारली की ती सगळ्यांना सारखी असते, कायद्याचंही तसंच असणार, असं मला वाटायचं. शिकवणारे भुक्कड असले तरी शिकवायची गोष्ट भुक्कड नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

खेळाच्या अभ्यासक्रमात पंचगिरीचं प्रात्यक्षिक असायचं. कुठल्या तरी स्पर्धेत जाऊन पंच म्हणून उभं राहायचं आणि सरांनी बघून गुण द्यायचे. दिवाळीनंतर आम्हाला गंगाखेडच्या अलीकडच्या एका गावात कबड्डीच्या स्पर्धेला पाठवलं. जिंकणारा संघ जिल्ह्याला खेळणार होता. सर बरोबर आले, कारण गावच्या सरपंचाने जेवणाचं आमंत्रण दिलं होतं. तिथे पोहोचून बघतो तर प्रमुख पाहुणे म्हणून टेबलामागच्या कोचावर आमचे संध्याकाळचे साहेब. सरपंचाची जमिनीची केस त्यांच्याकडे होती. माझं सगळं शिक्षण एका मांडवाखाली हार घालून बसलं होतं.

अंतिम सामना गावच्या संघाचा आणि वस्तीच्या संघाचा. वस्ती म्हणजे नाल्यापलीकडची. कुणाची, हे तिकडे सांगावं लागत नाही. त्यांची निम्मी पोरं ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर गेलेली, त्यामुळे मोजून सातच उरली होती. त्यांच्यात एक चढाई करणारा होता, गंगाखेडच्या कॉलेजात बीएच्या शेवटच्या वर्षाला. सकाळी रेषा आखताना तो माझ्याजवळ आला आणि पुढल्या वर्षी तुमच्या कॉलेजात बीपीएडला घेतील का, असं विचारलं. मी त्याला खरं ते सांगितलं. मार्कांवर त्याचा नंबर लागणं अवघड होतं, पण जिल्हा पातळीवर खेळल्याचं प्रमाणपत्र असलं तर लागला असता. त्याने मान हलवली आणि फक्कीचं घमेलं माझ्या हातातून घेऊन उरलेली रेषा स्वतः मारली. माझ्यापेक्षा सरळ मारली. आज जिंकला तर त्याला पुढली वाट होती, हरला तर पुढल्या हंगामात तोही कोयता घेऊन बापामागे जाणार होता.

गावच्या संघाचा कप्तान म्हणजे सरपंचाचा मुलगा. त्यालाही प्रमाणपत्र हवं होतं, कशाला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. नवे बूट, नवी बनियन, केसांना तेल. सामना सुरू झाला तसा तो मागच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला आणि तिथून हलेना. चढाईला जाईना, पकडीत येईना. बाकीची सहा पोरं जीव तोडून खेळत होती. मध्यंतरात मी त्यांच्यातल्या एकाला विचारलं, कप्तानाचा पाय मुरगळलाय का. तो तोंडावर टॉवेल धरून हसला. कप्तानाच्या आजोबांनी खेळायला परवानगी दिली होती ती एका अटीवर: खेळ, पण शिवून घेऊ नको.

मी पुन्हा विचारलं, कारण मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली. कबड्डीत शिवून घेऊ नको. हुतुतूच्या मैदानात पोरगा सोवळ्यात उभा करायचा आणि वर त्याच्या छातीवर कप्तानाचा बिल्ला लावायचा. जेवताना याच सरपंचाने आम्हा पाहुण्यांना सांगितलं होतं की, आमच्या गावात आता तसलं काही राहिलं नाही, खेळात तर मुळीच नाही. साहेबांनी त्यावर मान डोलावून राज्यघटनेतलं एक वाक्य म्हटलं होतं आणि आणखी एक पुरणपोळी घेतली होती.

आजोबा मैदानाच्या कडेला, त्या कोपऱ्याच्या बरोबर मागे, बाजेवर बसले होते. ते सामना बघत नव्हते. ते फक्त नातवाला बघत होते.

शेवटच्या मिनिटाला गुण बरोबरीत आले. गावच्या संघाचे सहाही जण बाद होऊन बाहेर बसलेले, आत एकटा कप्तान. चढाईला तो वस्तीतला पोरगा आला. दम घुमवत तो सरळ कोपऱ्याकडे गेला. कप्तान मागे सरकत सरकत रेषेला टेकला. याने डावीकडे झुकल्याचं दाखवलं, तो उजवीकडे पळाला आणि याचा पाय त्याच्या पोटरीला लागला. मी चार हातांवर होतो. दम न तोडता तो परत आला, मध्यरेषेवर हात टेकला, आणि मी शिट्टी मारली. बाद, आणि वर लोण.

कप्तान म्हणाला, "शिवलाच न्हाई त्यो मला."

एवढं म्हणायचीच खोटी, सरपंच मांडवातून उठून मैदानात आले. त्यांच्या हातात सरांची नियमांची पुस्तिका होती. त्यांनी बोट ठेवून मला वाक्य दाखवलं: सरपंचाचा निर्णय अंतिम राहील. आणि मोठ्याने म्हणाले, माझा निर्णय, शिवला नाही. सामना बरोबरीत, आणि यजमान म्हणून आमचा संघ जिल्ह्याला जाईल.

मला आधी हसूच आलं. कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात, आणि त्या दिवशी तो मी होतो. मी त्यांना हे नीट सांगितलं. ते म्हणाले, गावात निवडून कोण आलंय, तुम्ही की मी. मी सरांकडे बघितलं. हे पुस्तक त्यांनीच आम्हाला वर्षभर शिकवलं होतं. त्यांनी अशी गुळणी धरली की तोंडात खरंच पाणी असावं. मग सरपंचांनी मांडवाकडे बघून विचारलं, वकीलसाहेब, तुम्हीच सांगा. साहेब उठले, कोट सारखा केला आणि वर्गात म्हणत तसंच म्हणाले, "शब्दाचा साधा, रूढ अर्थ घ्यायचा असतो. सरपंच म्हणजे कोण, ते गावात कुणालाही विचारा."

त्या माणसापुढे मी रोज संध्याकाळी वह्या भरत बसत होतो. इतकी किळस मला आयुष्यात फार थोड्या वेळा आली आहे. अशिलाचं मीठ खाल्लं तर निदान गप्प बसावं; याने आपलं एकुलतं एक पाठ वाक्यही त्याच्या पायाशी नेऊन ठेवलं. वस्तीची माणसं उभी राहिली होती. गावच्या लोकांच्या हातात काठ्या होत्या, त्या दिसतील अशा धरल्या होत्या. तो पोरगा मध्यरेषेवरच उभा होता, कमरेवर हात ठेवून. धाप लागली होती, पण तो हलत नव्हता.

कप्तानाला मात्र हे सगळं संपल्यासारखं वाटलं. त्याला तहान लागली होती. बूट हातात घेऊन तो बाजेच्या कडेने घराकडे निघाला, आणि आजोबांनी हातातली काठी आडवी धरली.

"तसाच घरात जाऊ नको," आजोबा म्हणाले. "शिवलाय त्यो तुला, म्या बघितलंय. आडावर आंघोळ कर आन मग ये."

म्हातारा कानाने कमी होता, म्हणून बोलला तो अख्ख्या मैदानाला ऐकू गेलं. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. गुण कुणाचा, जिल्ह्याला कोण जाणार, याच्याशी त्याला कर्तव्यच नव्हतं. चूल बाटू नये एवढंच त्याला हवं होतं. पहिल्यांदा हसली ती गावच्याच संघाची सहा पोरं, बाहेर बसलेली. मग नाल्यापलीकडची माणसं हसली. सरपंचांचं तोंड बघण्यासारखं झालं. बापाला चारचौघांत खोटं पाडायची त्यांची छाती नव्हती, आणि पोराला आंघोळ नको म्हणायची तर त्याहून नव्हती.

मी मांडवाजवळ जाऊन साहेबांना विचारलं, पुराव्याच्या कायद्यात याला काय म्हणतात, साहेब, त्यांच्याच घरच्या माणसाने आपणहून, डोळ्यांनी बघून सांगितलंय. साहेब घड्याळ बघून म्हणाले की गंगाखेडहून त्यांची गाडी आहे. मी परत मैदानात आलो आणि पुन्हा शिट्टी मारली. बाद, लोण, सामना वस्तीच्या संघाने जिंकला. या वेळी सरपंचांनी पुस्तिका मिटून सरांच्या हातात दिली. प्रमाणपत्राच्या शिफारशीवर मुख्य पंच म्हणून माझी सही लागायची, ती मी तिथेच केली. सरांनी पुढे मला पंचगिरीत जेमतेम पास केलं आणि शेरा मारला, निर्णयात ठामपणा नाही.

वस्तीची माणसं लगेच पांगली. गावात आरोळ्या मारायच्या नसतात, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. तो पोरगा मात्र फाट्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आला. आडाच्या बाजूने जाताना कप्तान आंघोळ करत होता, एक गडी त्याच्या डोक्यावर बादली ओतत होता. त्याने आमच्याकडे बघितलं नाही.

मी खुशीत होतो. समोरच्या पक्षाचीच साक्ष कशी त्याच्यावर उलटते, वकील लोक अशा साक्षीसाठी कसे आयुष्यभर झुरतात, हे मी त्याला रस्ताभर समजावून सांगितलं. तो ऐकत होता. एसटी दिसली तेव्हा त्याने माझी पिशवी माझ्या हातात दिली.

"तुमी शिवला म्हणलात तवा कोणी ऐकलं न्हाई, सर," तो म्हणाला. "त्यानं आंघोळ केली म्हणून मला गुण मिळाला. खेळ शिकायला यिन मी तुमच्याकडं. कायदा तुमी शिका."