खाटेखालचे आंबे

पस्तिशीत मला पीएचडीची हुक्की आली आणि कोपरखैरण्याच्या गावठाणातल्या आमच्या घरात डीएनए हा शब्द दिवसातून दहादा ऐकू येऊ लागला.

माझा विषय एवढासाच. मुगाची रोपं अतिनील दिव्याखाली धरून त्यांचा डीएनए जरा जखमी करायचा, मग अर्ध्या रोपांना इथिलीन द्यायचं, अर्ध्यांना नाही. डीएनए दुरुस्त करणारी जनुकं इथिलीनमुळे जास्त जोमाने कामाला लागतात का, ते बघायचं. पण सासूबाईंना सांगताना माझा थाट असा, की इथिलीन जणू मीच शोधलं. फळं पिकवतो तो वायू, झाडाचं हॉर्मोन असतं ते, असं मी त्यांना चार-चारदा समजावलं. त्या शाळेची पायरी न चढलेल्या. बिचाऱ्या मान डोलवायच्या.

प्रयोग दोनदा फसला होता. या खेपेला आकडे आले नाहीत तर विषय बदला, असं सरांनी बजावलं होतं. त्यात मे महिन्यात लॅबचं रंगकाम निघालं. म्हणून मी रोपांचे दोन ट्रे घरी आणले आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत ठेवले. इथिलीनवाला काचेच्या पेटीत बंद, दुसरा खाटेवर उघडा. दाराला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला.

चौथ्या दिवशी बघते तर दोन्ही ट्रेमधली रोपं सारखीच बुटकी, जाड, माना वाकवलेली. ही तर इथिलीन लागल्याची खूण! मी रडकुंडीला येऊन पेटीची फट शोधत बसले. सासूबाई दारात उभ्या राहून नुसत्या हुंगत होत्या.

"सूनबाय, खाटेखाली अढी कोनी घातली?"

मीच. माहेरचे आंबे, गवतात, स्वतःच्या हातांनी.

"एक आंबा पिकला का बाजूच्याला पिकवतं. तुज्या मुगाला सोरल काय?"

सरांना जाऊन खरं ते सांगितलं. ते पोट धरून हसले आणि आणखी एक खेप दिली. या वेळी सासूबाईंनी अढी जावेच्या घरी हलवली, आणि केळी घेऊन आलेल्या शेजारणीला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. आकडे आले. इथिलीन मिळालेल्या रोपांत ती जनुकं खरंच जास्त जागी झाली होती.

प्रबंधात मी सासूबाईंचे आभार मानले. ते पान त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "आनि आंब्यांचं नाव कुटं हाय?"