पहारेकऱ्याची सुट्टी

आमच्या कंपनीतल्या एकाच्या लग्नात कुणीतरी मशीनवरच्या एका कामगाराला म्हणालं, "जरा आइस्क्रीमकडे लक्ष ठेव, आलोच मी." म्हणणारा आलाच नाही. नवरी सासरी गेली, मांडव सोडायला माणसं आली, आइस्क्रीमचं पार दूध झालं आणि हा पठ्ठ्या टेबलामागे हाताची घडी घालून उभा. "अहो, घरी जा की," मी म्हटलं. "तो आला की जातो. जागा रिकामी नाही सोडायची, मॅडम." शेवटी मी स्वतः टेबलामागे जाऊन उभी राहिले, तेव्हा कुठे त्यानं चपला घातल्या. माझी साडी आइस्क्रीममध्ये भिजली ती वेगळीच.

त्याचं खरं नाव हजेरीपत्रकात होतं, पण शॉपवर, म्हणजे मशीनच्या खात्यात, सगळे त्याला रिलीव्हर म्हणत. रिलीव्हर म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस. तो आल्याशिवाय आधीच्यानं मशीन सोडायचं नाही, असं चाकणच्या प्रत्येक कंपनीत भिंतीवर लिहिलेलं असतं आणि त्याच भिंतीला टेकून लोक शिफ्ट संपायच्या वीस मिनिटं आधी बॅगा खांद्याला लावून उभे असतात. हा मात्र हलायचा नाही. समोरच्यानं येऊन तोंडानं "आलो" म्हटलं पाहिजे. एकदा एकजण गालात गुटखा धरून नुसतीच मान हलवत राहिला. ह्यानं त्याला बाहेर पाठवून थुंकायला लावलं, "आलो" वदवून घेतलं आणि मग आपलं ठरलेलं वाक्य म्हटलं, "मशीन गरम आहे, हात सांभाळ." हे वाक्य तो वडापावची प्लेट पुढे करतानाही म्हणायचा.

मी परभणीची. नोकरी क्वालिटीत. म्हणजे लोकांनी केलेल्या पार्टला नावं ठेवायची आणि त्याचा पगार घ्यायचा. माझ्या स्वभावाला इतकं जुळणारं काम दुसरं नाही, असं आमच्या घरचे म्हणतात. रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी रिलीव्हरचे सत्तावीस पार्ट नापासाच्या लाल पेटीत टाकले. दुसरा कुणी असता तर भांडला असता. हा संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हाला चुका काढायला आवडतात. माझ्या घरच्या कामातल्या काढाल का? पगार मिळणार नाही." मला वाटलं, घर बांधतोय, प्लास्टर बघायला बोलावतोय. निघाला कॉम्प्युटर गेम.

गेम जुना. तलवारी, जादूगार, शेवटी एक ड्रॅगन. आपण सहा जणांची टोळी घेऊन गावोगाव हिंडायचं आणि दिसेल त्याच्या भानगडीत पडायचं. इंजिनियरिंगला असताना लातूरच्या हॉस्टेलवर मीही तो खेळले होते, त्यामुळे एक विषय नापासही झाले होते. रिलीव्हरला तो मिळाला पिंपरीत घेतलेल्या जुन्या कॉम्प्युटरबरोबर. लोक गेम सुरू करून ड्रॅगन मारायला निघतात. हा पहिल्याच गावाच्या वेशीवर थांबला आणि तिथल्या पहारेकऱ्याकडे बघत बसला. गेममधला दिवस गेला, रात्र गेली, पुन्हा दिवस उजाडला. पहारेकरी तिथेच. दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्यानं मला गंभीरपणे विचारलं, "मॅडम, हा माणूस जेवतो कधी?"

"अहो, तो खोटा आहे."

"खोटा असला म्हणून काय झालं? ड्युटी तर खरीच करतोय."

ह्या एका प्रश्नापायी हा माणूस मॉड करायला शिकला. मॉड म्हणजे चाहत्यांनी जुन्या गेमच्या पोटात हात घालून केलेले फेरफार. बाकीचे लोक त्यात नवी शस्त्रं घालतात, नवे राक्षस घालतात, कमी कपड्यांतल्या बायका घालतात. रिलीव्हरनं तीन शिफ्ट घातल्या. मग दहाचा चहा घातला. मग खाणावळीत कँटीनसारखी रांग लावली आणि रांगेतल्या सैनिकांना डाळीबद्दल कुरकुर करायला शिकवलं. आपल्याकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, म्हणून त्या अख्ख्या गावाला गुरुवार लागू केला. लोहार बंद, औषधवाला बंद, देवळातला पुजारीसुद्धा बंद. गावाचं इंग्रजी नाव आमच्यापैकी कुणालाच धड म्हणता येत नव्हतं. तो त्याला सरळ चाकण म्हणायचा, कारण किल्ला दोन्हीकडे आहे आणि रस्त्यांचं म्हणाल तर तेही तसेच.

मॉड त्यानं इंटरनेटवर टाकला आणि परदेशातली मंडळी खवळली. एकानं लिहिलं, माझा जादूगार विषबाधेनं मरतोय आणि औषधाचं दुकान बंद का? ह्यानं उत्तर दिलं, "थर्सडे वीकली ऑफ. प्लीज को-ऑपरेट." एवढंच. शिव्या आल्या, ह्यानं सगळ्या वहीत उतरवून घेतल्या, तक्रार क्रमांक घालून. तीन महिन्यांनी त्याच माणसानं लिहिलं की आता तो औषधं बुधवारीच घेऊन ठेवतो. त्या दिवशी रिलीव्हरनं शॉपवर सगळ्यांना पेढे वाटले. कशाचे ते कुणालाच कळलं नाही. लोकांना वाटलं, लग्न ठरलं.

चुका मी काढत होते आणि चुकाही एकेक नामी होत्या. एकदा पहिली आणि दुसरी शिफ्ट एकाच वेळी वेशीत शिरली आणि चोवीस सैनिक एकमेकांत अडकून बसले. तळेगाव चौकात रोज संध्याकाळी होतं तेच झालं, फक्त हॉर्न नव्हते. एकदा खाटीक चहाला गेला तो चार दिवस परतलाच नाही. मी चिडवायला म्हटलं, "मग ड्रॅगनलाही सुट्टी द्या की." तो विचारात पडला आणि म्हणाला, "नाही मॅडम. तो मालक आहे. तो कामावर येतोच कधी?"

सगळ्या गावाला सुट्टी मिळाली. एक माणूस राहिला. उत्तर वेशीचा म्हातारा पहारेकरी. गेमची सगळी गोष्ट ह्या एकाच्या गळ्यात बांधलेली होती. तो जागेवरून हलला की पुढे राजाचा निरोप मिळत नाही, दरवाजा उघडत नाही, वीस तास खेळलेला माणूस तिथेच अडकून पडतो. रिलीव्हरनं दोन वर्षं खटपट केली. दर गुरुवारी नवा प्रयोग, दर शुक्रवारी बसमध्ये पडलेलं तोंड. एका शुक्रवारी माझं डोकंच फिरलं. "सोडा ना तो एक! गावातल्या साठ जणांना सुट्टी दिलीत, एक राहिला तर काय आभाळ कोसळतंय?" तो नाशिक फाट्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "येत्या गुरुवारी घरी या. दापोडीला."

दापोडीत रेल्वे लाइनच्या बाजूला त्यांच्या दोन खोल्या. दारातच खुर्ची टाकून त्याचे वडील बसलेले. आप्पा. मूळचे मावळातले, सगळी हयात एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून गेली. त्यांना बघितलं आणि मी जागीच थबकले. उत्तर वेशीचा पहारेकरी! त्याच मिशा, तेच एका बाजूला झुकलेलं डोकं. आप्पांच्या जुन्या ओळखपत्रावरचा फोटो ह्या बाबानं गेममध्ये घातला होता आणि दोन वर्षांत मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

चहा पिताना आप्पांनीच सांगितलं. "माझी आई गेली तवा मी गेटवर व्हतो. ह्योच आला व्हता सांगावा घेऊन. सकाळचा रिलीव्हर आला न्हाई. दुपारचाबी न्हाई. गेट उघडं टाकून जायाचं कसं? जागा रिकामी न्हाई सोडायची. दुसऱ्या दिशी घरी पोचलो, तर राख सावडायची तेवढी ऱ्हायली व्हती." बोलताना आवाज अगदी कोरडा, बसच्या वेळा सांगावा तसा. मी बशीत बघत बसले.

मला पोचवायला बाहेर आल्यावर रिलीव्हर म्हणाला, "काचबिंदू आहे त्यांना. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलीय तीही जाणार. त्यांना दिसतंय तोवर तो माणूस एकदा घरी जाताना दाखवायचाय." आणि मी त्याला बसमध्ये आभाळ वगैरे सुनावलं होतं. मला माझीच लाज वाटली. लाज वाटली की मला राग येतो आणि राग आला की माझं डोकं बरं चालतं.

शुक्रवारी मी त्याला म्हटलं, "माणूस कशाला हलवताय? नंबर हलवा. गेमला चेहरा कुठे कळतो? प्रत्येकाला आतून दिलेला नंबर कळतो. नवा माणूस आला की जुन्याचा नंबर त्याला चिकटवा. गोष्ट नंबराशी बोलेल, म्हातारा घरी जाईल." मला वाटलं, हा आनंदानं उडी मारेल. त्याचा चेहरा काळवंडला. "म्हणजे एकाच्या हजेरीच्या कार्डावर दुसऱ्यानं पंच करायचं? मॅडम, ही चोरी आहे." अहो, काय करावं ह्या माणसाला! शॉपवर असल्या दोघांना ह्यानंच पकडून दिलेलं. तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी बसमध्ये शेजारी येऊन बसला आणि कानात म्हणाला, "एकदाच. आप्पांसाठी." पाप करायला निघाल्यासारखा घामेघूम झाला होता.

पुढच्या गुरुवारी सकाळी आम्ही आप्पांची खुर्ची कॉम्प्युटरसमोर ओढली. ते नाक काचेला लावून बसले. "ह्यो कोन?" "तुम्हीच की." "फोटू जुना हाय." गेममध्ये सहा वाजले. रस्त्यानं एक तरुण सैनिक चालत आला, म्हाताऱ्यासमोर उभा राहिला, पडद्यावर त्याचं वाक्य आलं आणि रिलीव्हरनं ते मोठ्यानं वाचलं, "आलो मी काका. जा तुम्ही." म्हातारा वळला आणि रस्त्यानं चालू लागला. वेशीबाहेर, ओढ्यापलीकडे, दिसेनासा होईपर्यंत. गोष्ट मोडली नाही. रिलीव्हर आप्पांकडे बघतोय.

आप्पांनी नाक काचेवरून मागे घेतलं. मग म्हणाले, "चाव्या?"

"काय?"

"चाव्या दिल्या न्हाईत त्यानं. गेटच्या चाव्या खिशात घालून तसाच चालला की ह्यो! शिकवलं कोनी ह्याला?"

शिकवणारा समोरच बसला होता. जन्मभर जगाला चार्ज द्यायला लावणारा रिलीव्हर चाव्या विसरला होता आणि क्वालिटीच्या बाईच्याही ते लक्षात आलं नव्हतं. त्याचा चेहरा असा झाला की मी फस्सकन हसले. मग आप्पा हसले. शेवटी तोही हसला.

चाव्यांचं काम वाटलं त्यापेक्षा किचकट निघालं. ते होईपर्यंत तीन महिने गेले आणि तोवर आप्पांना पडद्यावर नुसता उजेड दिसू लागला होता. रिलीव्हर खचला. बसमध्ये रडला, मी बघितलं नाही असं दाखवलं. पण मग त्यानं आप्पांच्या जुन्या ट्रंकेतला चाव्यांचा जुडगा काढला, मोबाइलवर त्याचा आवाज टिपला आणि गेममध्ये घातला. आम्ही पुन्हा आप्पांची खुर्ची ओढली. सहा वाजले. "आलो मी काका," रिलीव्हरनं वाचलं. खळ्ळकन चाव्या वाजल्या. आप्पांनी मान वर केली.

"माझाच जुडगा हाय," ते म्हणाले. मग अंधारात हात पुढे करून कुणाला तरी वाट दाखवावी तसा हात केला. "हां. आता जाऊ दे त्याला."

पुढच्या वर्षी कंपनीनं आमची लाइन दुसऱ्या राज्यात हलवली. रिलीव्हर आप्पांना घेऊन तिकडे निघाला. माझं घर ताथवड्यात, नवऱ्याची नोकरी हिंजवडीत, मी कुठे जाणार? शेवटच्या दिवशी पहिली शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या गेटवर त्यानं माझ्या हातात एक पेन ड्राइव्ह आणि तक्रारींची वही ठेवली. "मॉड आता तुमच्याकडे. मशीन गरम आहे, हात सांभाळा."

"सांभाळते. चला, बस सुटेल."

तो हलेना. सगळे बसमध्ये चढले, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, हा तसाच उभा.

"मॅडम, तुम्ही म्हणाला नाहीत अजून."

एक शब्द म्हणायचा होता आणि मला तो म्हणता येईना. म्हटला की हा जाणार. रडू येत होतं आणि त्याचाच संतापही येत होता. मी वही उघडली, शेवटचं पान काढलं आणि उगाच बोट ठेवलं, "इथे तारीख नाही घातलीत." त्यानं खिशातून पेन काढलं, वही माझ्या हातातच ठेवून तारीख घातली आणि पेन पुन्हा खिशाला लावलं. ड्रायव्हरनं दुसऱ्यांदा हॉर्न दिला.

"आले मी," मी म्हटलं. "जा."

आणि तो गेला.