मोकळ्या केसांची हडळ

हॅलोविनच्या रात्री थीम पार्कमधल्या भूतबंगल्यासमोर जत्रेसारखी गर्दी होती. बाबा गेल्यापासून आई दिवा लावूनच झोपते, त्यामुळे तिला आत नेताना मलाच धास्ती वाटत होती. तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

दुसऱ्या वळणावर कमरेपर्यंत केस मोकळे सोडलेली एक हडळ किंचाळत अंगावर आली. मागची माणसं माझ्यावर आदळली. आई मात्र जागची हलली नाही.

"दिवेलागणीनंतर केस मोकळे सोडू नयेत, कुणी सांगितलं नाही का गं तुला?" ती म्हणाली.

हडळीचे हात आपोआप मानेमागे गेले. "बांधते हो काकू," असं पुटपुटत तिने खरोखरच अंबाडा घातला.

भीतीला आपण उगीच फार मान देतो. ती आली की बाजूला सरून वाट करून देतो. घरातल्या पोरीसारखं तिला कुणी दटावलं, तर तीही मुकाट्याने ऐकत असेल.

बाहेर आल्यावर माझं मनगट मोकळं होतं. वळून पाहिलं, तर आई पुन्हा रांगेच्या टोकाशी उभी.

"आत अजून दोघी होत्या तशाच," ती म्हणाली.