कपाटातली रोपं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सोबतच्या सरांना नाही, सख्ख्या बहिणीला तर नाहीच – तिच्या पोटात काही राहत नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि गोष्ट तरी केवढी? मुगाची पाच-सहा रोपं. सांगायला बसलं की वाटतं, यात काय सांगायचं?

मी शिक्षिका आहे. नांदेडला राहते, रोज बसने अर्धापूरला उतरते आणि तिथून पुढे केळीच्या बागांमधून शाळेत जाते. जिल्हा परिषदेची शाळा, दोन शिक्षक, चार वर्ग. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. गणित आणि परिसर अभ्यास हे माझे लाडके विषय. मुलांनी स्वतः करून बघावं, मोजावं आणि मगच बोलावं – हे वाक्य मी एका प्रशिक्षणात माइकवर बोलले होते. टाळ्याही पडल्या होत्या.

पण आमच्याकडे एक पद्धत आहे. कुठे लिहिलेली नाही, तरी बहुतेक सगळे पाळतात. उपक्रम नंतर करायचा, त्याचा तक्ता आधी. कारण तक्त्याचा फोटो केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांच्या, ग्रुपवर टाकायचा असतो, आणि फोटोला तारीख असते. निष्कर्ष काय, पुस्तकावरून ठरलेलाच असतो – मग थांबायचं कशाला? मीही रविवारी दुपारी घरी बसून कार्डशीट रंगवलं. एका बाजूला उन्हातलं रोप, हिरवंगार, शेजारी उंच स्तंभ. दुसऱ्या बाजूला अंधारातलं, पिवळं, मरतुकडं, स्तंभ बोटभर. खाली ठळक अक्षरात, ‘प्रकाश नाही तर वाढ नाही’. फोटो टाकला. बावीस जणांनी अंगठे दिले. केंद्रप्रमुखांनी लिहिलं, ‘येत्या नाही, त्यापुढच्या शनिवारी भेटीला येतो, उपक्रम प्रत्यक्ष बघायचा आहे.’

मग काय, उपक्रम करणं आलं.

कागदी कपांत माती भरली, मूग पेरले. एक कप खिडकीत, एक लोखंडी कपाटात. पाणी घालणं आणि मोजणं हे काम मी रेणुकाला दिलं. रेणुका तिसरीत होती. घरची केळी, थोडी हळद. बोलायची कमी, पण काम दिलं की त्यात बुडून जायची. पट्टीचा शून्य पट्टीच्या टोकाला नसतो, थोडा आत असतो, हे तिच्या आपणहून लक्षात आलं होतं. म्हणून ती मातीत नखाने छोटी खाच करायची, पट्टीचं टोक त्यात बसवायची आणि शून्य मातीला भिडला की मगच आकडा वाचायची. इतकी वर्षं शिकवते आहे, हे करणारं दुसरं मूल मला भेटलेलं नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे. का, ते कळेलच.

पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, ती वही घेऊन माझ्याजवळ आली. खिडकीतली सहा सेंटीमीटर, कपाटातली चौदा.

मी म्हणाले, कप बदलले असशील तू. ती नाही म्हणाली. वर असंही म्हणाली, “बाई, आमच्या घरी कांद्याला आंधारातच कोंब येतेत की. हळदीला बी.” मी कपाट उघडून बघितलं. खरंच, पांढुरकी, लांबच लांब रोपं, कपाच्या बाहेर झुकलेली.

परतताना बसमध्ये मी मोबाइलवर शोधलं. दोन मिनिटं लागली. अंधारात रोप उजेड शोधत भराभर उंच होतं, पण लेचंपेचं राहतं. म्हणजे मुलीचं बरोबर होतं. माझा तक्ता चूक होता. हे मला गुरुवारी संध्याकाळीच कळलं होतं – शनिवारच्या आधी, पुरता एक दिवस हातात असताना. नवा तक्ता करायला तासभर लागला असता. ‘मुलांनी माझी चूक काढली’ असं ग्रुपवर लिहिलं असतं, तर कदाचित कौतुकही झालं असतं. पण बावीस अंगठे! आणि केंद्रप्रमुखांच्या मनातलं माझं नाव. एवढ्याशा नावाला मी किती जपत होते, आता हसू येतं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी कपाटातला कप मागच्या कुंपणापलीकडे रिकामा केला. नुकतेच मोड आलेले मूग घरून डब्यात नेले होते. ते नव्या कपात लावले, वर जेमतेम डोकी दिसतील असे. कपाट लावून घेतलं. हात धुतले. बसही वेळेवर मिळाली.

शनिवारी केंद्रप्रमुख आले. तक्ता बघितला, कप बघितले, मान डोलावली. आणि मग, सगळे विचारतात तसं, मुलांना विचारलं – कोण सांगेल काय झालं? रेणुका उभी राहिली. माझ्याकडे बघितलंही नाही तिने. वही उघडून म्हणाली, “सर, हे रोपटे आमचे न्हाईत. आमचे चौदा सेंटीमीटर व्हते. लई मोठे झालते.”

केंद्रप्रमुखांनी माझ्याकडे बघितलं.

इथे मी काय म्हणाले, ते जसंच्या तसं सांगते. मी हसले, अगदी मायेने हसले. म्हणाले, “सर, तिला अजून पट्टी धरता येत नाही. आणि थोडं खोटं बोलायची सवय आहे तिला.”

तेही हसले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, बाळ, नेहमी खरं बोलावं. मुलंही हसली, मुलांचं काय, मोठे हसले की ती हसतात. रेणुका रडली नाही. ती खाली बसली आणि वहीतला चौदा खोडरबरने पुसायला लागली. कागद फाटेपर्यंत पुसत होती. मला त्या क्षणी लाज वाटली का? नाही. सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली, आणि मग गेलीच नाही.

सोमवारी तिची आई शाळेत आली. शेतात जाता जाता आली होती, दारातच उभी राहिली. “बाई, पोरगी सायबापुढं खोटं बोलली म्हनं. घरी तर कव्हाच बोलत न्हाई. मारलं मी तिला.” तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं, नाही का? दारात आम्ही दोघीच होतो. ना केंद्रप्रमुख, ना ग्रुप. मी म्हणाले, “मारू नका हो, लहान आहे. मी घेतलं सांभाळून.” तिला बरं वाटलं. पदराखालून तिने केळीची एक फणी काढली, टेबलावर ठेवली, म्हणाली, पोरीला माफ करा. मी माफ केलं. केळी घरी नेली, आम्ही खाल्ली. गोड होती.

तक्ता दोन वर्षं भिंतीवर होता. मग भिंत रंगवायची म्हणून काढला. मला केंद्रात उपक्रमशील शिक्षिका म्हणतात.

रेणुका पुढे चौथीतही माझ्याच वर्गात होती. वागणूक चांगली, अक्षर चांगलं, तक्रारीला जागा नाही. दिवाळीनंतर एकदा लांबी मोजायचा पाठ होता. मुलं टेप घेऊन दार, खिडकी, काय सापडेल ते मोजत होती. तिच्याकडे फळा आला. तिने मैत्रिणीला टेपचं एक टोक धरायला लावलं, दुसरं स्वतः धरलं, टेप ताणला, वाकून आकडा वाचला. मग पेन्सिल हातात तशीच धरून माझ्याकडे वळली आणि साध्या आवाजात विचारलं, “बाई, किती यायला पाहिजे?”

मी अंदाजाने एक आकडा सांगितला. तिने टेपकडे परत न बघता तो वहीत लिहिला, आणि मी त्यावर बरोबरची खूण केली.